लोलाची किल्ली आणि बर्फाचा हंस

या, असे पुढं सरका. भिंतीला टेकून बसलात तर निम्मं ऐकू यायचं नाही. आज तळ्याकाठच्या कातिंबांगांच्या घरातली ती गुड फ्रायडेची गोष्ट सांगायची आहे, ज्या दिवशी प्रभूच्या दुःखाच्या गाण्यात बर्फ, चमचा आणि जपानचा व्हिसा शिरला, आणि तरीही प्रभू रागावला नाही. तो रागावला असता तर ही गोष्ट अशी हसत सांगता आली नसती. तो ऐकत होता एवढं मात्र नक्की, कारण आवाज लाउडस्पीकरवर होता आणि तळ्याच्या पार पलीकडच्या काठापर्यंत जात होता.

आदल्या पहाटे अंगणातल्या मांडवात पाबासा बसला होता. प्रभूच्या दुःखसहनाचं ते जाड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गायचं. दोघांनी दोन माइकांवर बसायचं, ते थकले की दुसऱ्या दोघांनी. चाल हवी ती घ्या, पण सूर तुटू द्यायचा नाही, आणि शुक्रवारी दुपारी तीनच्या आत संपवायचं. लोला त्रिनिंगचा, म्हणजे त्रिनिंग आजीचा, हा नेम एक्केचाळीस वर्षांचा. नवऱ्याची होडी वादळातून परत आली त्या साली म्हातारीनं तो धरला. पुढं नवरा अंथरुणात साध्या तापानं गेला, तरी सोडला नाही. देवानं होडीचं कबूल केलं होतं, तापाचं नव्हतं, असा तिचा हिशोब स्वच्छ होता.

दुसरा नेम सगळ्या गावाचा. तीन वाजले, प्रभूनं प्राण सोडला, की धारेला हात लावायचा नाही. त्यानंतर झालेली जखम भरून येत नाही म्हणतात. इतरांच्या घरी हा नेम म्हणजे सुरी फळीवर ठेवली की झालं. पण कातिंबांग पडले मूर्ती कोरणारे. लोला दरवर्षी घरातल्या पटाशा, रंधे, करवती, कात्र्या, मधल्या मुलाचा, देल्फिनचा, वस्तरा आणि नखं कापायचं यंत्रसुद्धा गोळा करायची, संत मग्दालियाच्या मूर्तीखालच्या कपाटात कोंडायची आणि किल्ली पोलक्यात टाकायची. शनिवारी सकाळपर्यंत त्या घरात टोमॅटोदेखील हातानं फोडत.

आता चायोंगकडे बघा. ती मांडवाच्या कोपऱ्यात आल्याचा काढा गाळत बसली आहे. गाणाऱ्यांच्या घशाला दोन दिवस काढा पुरवायचं काम तिचं. लोलाची ही धाकटी मुलगी, वय सत्तेचाळीस, लग्न केलं नाही. थोरला भाऊ अंबो, डोळ्यांत मोतीबिंदू. मधला देल्फिन. अंबोची बायको लुडी सोळा वर्षं हाँगकाँगला दुसऱ्यांची पोरं सांभाळत होती, म्हणून तिचं पोरगं, रोमेल, चायोंगनं सांभाळलं. आठ वर्षांचा होता तेव्हापासून. तो तिला तिया, म्हणजे आत्या, म्हणायचा. त्याच्या उवा तिनं काढल्या, त्याच्या हातात पटाशी तिनं दिली, आणि आज तो चोवीस वर्षांचा घोडा तिच्यासमोर बर्फाच्या लादीभोवती घिरट्या घालत होता.

रोमेलची परीक्षा होती. साप्पोरोच्या एका हॉटेलाला बर्फ आणि फळं कोरणारा कारागीर हवा होता. कुशल कामगाराचा व्हिसा, पाच वर्षांचा. कागद सगळे झाले होते, उरली होती फक्त शेवटची परीक्षा: हॉटेलचा मुख्य आचारी कुरोदा फोनवर बघणार आणि त्याच्यासमोर एका तासात बर्फाचा हंस आणि कलिंगडाचा गुलाब कोरून दाखवायचा. फोनला जोर मांडवातच येई, शेजारच्या सेन्यांगच्या घराचं इंटरनेट तिथपर्यंतच पोचायचं. म्हणून परीक्षा मांडवात, माइकापासून चार हातांवर.

"तियो, नक्की दोनलाच ना?" रोमेलनं काकाला विचारलं.

देल्फिन बारा वर्षं मोठ्या जहाजावर बर्फ कोरून आला होता. गुडघा गेला म्हणून घरी बसला, पण टोपी अजून जहाजाचीच घालायचा. "पत्रात तीन लिहिलंय. जपानचे तीन म्हणजे आपले दोन. तिकडे सूर्य आधी पोचतो. अरे, बारा वर्षं मी घड्याळ पुढं-मागं करत जगलोय."

"एकदा तियाला पत्र दाखवू का?"

"तिला काय कळतंय त्यातलं."

चायोंग काढा गाळत राहिली. त्या पत्रातलं तिला चांगलंच कळलं होतं. बुधवारी टेबल पुसताना तिनं ते वाचलं होतं, आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, लिहिलं होतं: वेळ अर्जदाराच्या देशातली. म्हणजे इथलेच तीन. ती सांगणार होती. पण आधी देल्फिन म्हणाला, "ते पत्र चुरगाळू नकोस, महत्त्वाचं आहे," आणि मग तिनं पत्र नीट ठेवलं आणि तोंड त्याहून नीट बंद केलं.

नुसता रुसवा नव्हता तो, हे तिला ठाऊक होतं. कामाच्या खोलीत मधोमध तिचं स्टूल, आणि भिंतीला लागून आणखी सहा स्टुलं होती. पाच रिकामी. एक जहाजावर गेला, एक दोहाला भोपळ्याची फुलं करतो, दोघं भाऊ कुठल्याशा थंड देशात केकवर साखरेचे वाडे बांधतात, पाचव्याचा पत्ता त्याच्या बायकोलाही माहीत नाही. देवळाचा सेंट जोसेफ दोन वर्षं बिनचेहऱ्याचा उभा होता. फादर येऊन विचारायचे, "जोसेफ कधी बघणार आमच्याकडे?" आणि चायोंग म्हणायची, "हात मोकळा झाला की, फादर." हात मोकळा होत नव्हता, कारण पाच जणांचं काम दोन हातांत आलं होतं. सहावं स्टूल रोमेलचं. तिनं मग्दालियापुढं मेणबत्ती लावून मागितलं होतं, पोराचं भलं कर. आणि मनातल्या मनात पुढं जोडलं होतं, इथंच.

स्वतः तिनंही परदेशी नोकरीसाठी तीनदा अर्ज केला होता हो. तिन्ही वेळा एजन्सीतल्या पोरीनं फॉर्मवरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं: शिक्षणसंस्था. चायोंग सहावी पास. "हात चांगलाय तुमचा, तिया," ती पोरगी म्हणाली होती, "पण त्याचा कागद नाही."

दोन वाजले. रोमेलनं पांढरा कोट चढवला, पटाशा ओळीनं मांडल्या. देल्फिननं फोन कलिंगडाला टेकवून उभा केला. मांडवात सेन्यांग आणि अंबो गात होते. अंबोला पुस्तक दिसत नव्हतं, तो सेन्यांगच्या मागोमाग अर्धा शब्द उशिरा गायचा.

दोन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. रोमेल कमरेत वाकला. "गुड आफ्टरनून, सर."

"झाली का रे परीक्षा?" पडद्यावर लुडी होती, हाँगकाँगहून, हातात कुणाच्या तरी बाळाची बाटली.

"आई, फोन ठेव. लाइन अडते."

"असा वाकलास ना की बरा दिसतोस. मला कधी वाकला नाहीस."

"आई, ठेव."

सव्वादोन झाले, अडीच झाले. जपानमध्ये कुणी कुणाला इतका वेळ थांबवत नाही, असं देल्फिन पाचव्यांदा म्हणाला. एप्रिलचं ऊन मांडवाच्या पत्र्यातून उतरत होतं आणि लादी घळाघळा रडत होती. देल्फिन तिच्यावर छत्री धरून उभा राहिला. शेजारचे लोक गाणं ऐकायला आले होते ते आता बर्फाकडे बघत बसले.

"एवढ्याचा हंस होईल?" रोमेलनं विचारलं.

"मान आखूड घे," देल्फिन म्हणाला.

दहा मिनिटांनी तो म्हणाला, "बदक कर. लांबून सारखंच दिसतं."

आणि आणखी दहा मिनिटांनी, "कबुतराला पवित्र आत्मा म्हणून वेगळा मान असतो."

इकडे लोला त्रिनिंगला दुसरीच चिंता. पुस्तकाची वीस पानं उरली होती. एक्केचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. दोष देल्फिनचाच: सकाळच्या पाळीला त्यानं जहाजावर शिकलेली नाचाची चाल लावली होती, एका ओळीला दोन गिरक्या, आणि सगळं संथ होऊन बसलं. तीनला दहा कमी असताना म्हातारी उठली, एकही शब्द न बोलता रोमेलच्या पुढ्यातल्या पटाशा, सुऱ्या, पुठ्ठा कापायची ब्लेडसुद्धा ओच्यात घेतली, कपाटात कोंडली, किल्ली पोलक्यात टाकली आणि अंबोला उठवून स्वतः माइकपुढं बसली. पानं संपेपर्यंत ती उठणार नव्हती. वेळ चुकली तर देव सांभाळून घेईल, सूर तुटला तर नाही, असा तिचा नवा हिशोब.

देवळात तीनचा लाकडी खुळखुळा वाजला, त्या दिवशी घंटा मुकी असते. गाव गप्प झालं. आणि फोन वाजला.

पडद्यावर उंच टोपी घातलेला, वाळलेल्या मुळ्यासारखा एक म्हातारा होता, आणि शेजारी गोल चेहऱ्याची एक बाई. "नमस्कार," ती बाई आपल्याच भाषेत म्हणाली. "मी मारिविक, दुभाषी. हे शेफ कुरोदा. ठरल्याप्रमाणे तुमचे बरोबर तीन. सुरू करायचं?"

देल्फिननं खिशातून पत्र काढलं, डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं, मग घडी करून टोपीत घातलं. आणि छत्री तशीच धरून तो स्वतः छत्रीमागं गेला.

चायोंगनं मनातल्या मनात मोजलं. हत्यारं कपाटात, किल्ली पोलक्यात, पोलकं गाणाऱ्या लोलाच्या अंगात. रोमेल कुठं जात नाही. तिनं काढ्याचं भांडं उगाच ढवळलं. मग्दालियाकडे मात्र बघितलं नाही.

"एक मिनिट, मॅडम," रोमेल फोनला म्हणाला आणि बापाकडे वळला. "बाबा, किल्ली."

आता अडचण लक्षात घ्या. म्हातारी गात होती. मध्ये थांबली तर नेम तुटला. सेन्यांग नेमकी त्याच वेळी लघवीला गेलेली. म्हणजे लोलाशी बोलायचं तर एकच वाट होती. अंबो चाचपडत सेन्यांगच्या जागी बसला, दुसरा माइक तोंडाशी धरला आणि त्याच चालीवर, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, सुरू झाला:

*आई, किल्ली दे हातात,*
*पाहुणा आला फोनात,*
*बर्फ चालला पाण्यात,*
*पोर गळाले घामात,*
*एवढं घे गं मनात.*

मांडवातली माणसं ताठ बसली. लोलाची पापणीही हलली नाही. तिनं पुस्तकातला श्वास संपवला आणि न थांबता, न चुकता, त्याच सुरात उत्तर दिलं:

*तीन वाजले घड्याळी,*
*देव टांगला या वेळी,*
*सुरी नको अशा काळी,*
*जखम राहील ओली,*
*अंबो, ऊठ, जा तू खाली.*

आणि बोट ओळीवर ठेवून ती परत पुस्तकात गेली, जणू तेही पुस्तकातच होतं. मागं बसलेल्या एका म्हातारीनं सवयीनं आमेन म्हटलं.

फोनमध्ये कुरोदानं मान खाली घालून ऐकलं. मग त्यानं काहीतरी विचारलं. मारिविकचे ओठ हसू दाबून पांढरे झाले होते. "ते विचारतायत, हे काम सुरू करायच्या आधीचं गाणं आहे का? त्यांच्या गावीही लाकूड तोडताना गातात."

"हो," देल्फिन छत्रीमागून म्हणाला. "तसंच."

"मग किती कडवी असतात?"

देल्फिननं छत्री आणखी खाली घेतली. रोमेल बर्फासमोर उभा होता. उशीएवढी लादी आता पावाएवढी झाली होती. त्यानं रिकामे हात एकमेकांवर चोळले, आणि मग, काहीतरी केलंच पाहिजे म्हणून, अंगठ्याचं नख बर्फात रोवलं आणि ओरखडा काढला. एक. मग दुसरा. नखानं पंखाची रेघ काढत होता पोरगा. नख निळं पडलं.

चायोंगनं ते पाहिलं आणि तिची ढवळणी थांबली.

ती नऊ वर्षांची होती तेव्हा बापानं तिला पटाशी दिली नव्हती. पोरींच्या हातात हत्यार शोभत नाही म्हणे. दोघा भावांना दिली. तिनं चुलीजवळचा चमचा उचलला, दगडावर न घासता, तसाच, आणि पपईतून कोंबडा काढला. साबणातून देवदूत. बर्फवाल्याकडून पडलेल्या तुकड्यातून मासा. सहा वर्षं ती चमच्यानं कोरत होती. पंधराव्या वर्षी बापानं तिनं केलेला साबणाचा हात पाहिला, आणि दुसऱ्या सकाळी पटाशी तिच्या ताटाशेजारी ठेवली. ही गोष्ट तिनं रोमेललाही सांगितली नव्हती. त्यात सांगण्यासारखं काय आहे असं तिला वाटायचं.

तिनं काढ्यातला पळीएवढा चमचा उचलला आणि माइकपुढं जाऊन बसली. अंबो अजून उठायचाच होता, त्याला तिनं ढुंगणानं सरकवलं. तिचा आवाज त्या घरातला सगळ्यांत गोड, पण काढ्याच्या कामात तिला गायला मिळायचंच नाही.

*चमच्याला कुठं धार?*
*त्याने कोण झाला ठार?*
*पेज भरवी तो फार*
*आजाऱ्याला वारंवार,*
*आई, कर ना विचार.*

लोलानं पहिल्यांदा पुस्तकातून डोळे वर काढले. लेकीकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं. सूर तिनं एकाच अक्षरावर लांबवला, वरून खाली, खालून वर, एवढा लांबवला की देल्फिननं छत्री बाजूला करून पाहिलं. विचार करायला वेळ हवा होता तिला. मग:

*चमचा तो नव्हे सुरी,*
*होता प्रभूच्याही घरी,*
*आधी कर क्रूस उरी,*
*मग हवं ते तू करी,*
*काढा ठेव माझा तरी.*

चायोंगनं क्रूस केला. फक्त शेवटची ओळ तिनं ऐकली नाही, आणि ती चूक पुढं भोवायची होती. काढ्याचं अख्खं भांडं उचलून ती बर्फाजवळ आली. काढ्यात तापवलेला चमचा तिनं लादीला लावला. बर्फ लोण्यासारखा सुटला.

"असं," ती रोमेलला म्हणाली. "ढकलायचं नाही. टेकवायचं आणि वाट बघायची. बर्फ स्वतःहून वाट देतो. थंड झाला की परत काढ्यात बुडव. दुसरा चमचा घे. मान मी काढते, तू पंख बघ."

"तिया, हंस व्हायचा नाही एवढ्यात."

"हंस कशाला. चिमणी कर. चिमणी पुरते."

आता पडद्यावर चार हात दिसत होते. गरम काढा बर्फावरून ओघळताना त्यात सोनेरी झाक उतरत होती, आणि मांडवभर आल्याचा वास. कुरोदा पडद्याच्या इतका जवळ आला की त्याचं नुसतं नाक आणि टोपीची घडी दिसायला लागली. त्यानं काहीतरी भरभर विचारलं.

"ते म्हणतायत," मारिविक म्हणाली, "तीस वर्षांत त्यांनी ही रीत पाहिली नाही. चमच्यात कोणतं द्रावण आहे?"

"आल्याचा काढा," चायोंग मान वर न करता म्हणाली. "गूळ जरा कमी पडलाय."

मारिविकनं ते सांगितलं. कुरोदानं वहीत लिहून घेतलं.

चिमणी उभी राहत होती. शेपटी झाली, चोच झाली, उघडी चोच, गाणारी. आणखी एका चमच्यानं देल्फिननं कलिंगडाचा गुलाब सुरू केला, तेव्हा चायोंग त्याला म्हणाली, "परीक्षा तुझी नाही," आणि कलिंगड रोमेलपुढं सरकवलं. त्याला फोन धरायला दिला. तो फोन बर्फाभोवती गरागरा फिरवत राहिला, त्यामुळं जपानात चिमणी खरोखर उडाल्यासारखी दिसत असावी.

आणि मग लोलाला खोकला आला.

चार पानं उरली होती. साधा खोकला, घसा कोरडा पडल्याचा. तिनं हात काढ्याकडे नेला. काढा जागेवर नव्हता. आवाज घोगरा झाला, बारीक झाला, चिरला. सेन्यांग अजून परसाकडून येतच होती. अंबोला दिसत नव्हतं. रोमेलच्या हातात चिमणीची मान होती. देल्फिननं घाबरून सूर धरायला तोंड उघडलं आणि नाचाची चाल आली म्हणून मिटलं. चायोंगनं वळून पाहिलं. चमचा चोचीला टेकलेला, काढला तर चोच जाते. एका श्वासाचा अवकाश होता. एक्केचाळीस वर्षं, एका श्वासावर.

तेव्हा फोनमधून आवाज आला.

मारिविक गात होती. पुस्तक नाही, काही नाही. लोला जिथं अडखळली होती त्याच ओळीपासून, तिच्या बातांगास प्रांताच्या चालीत, डोळे मिटून. अकरा वर्षं ती जपानात होती, अकरा वर्षं तिनं हे गाणं कुणाच्या अंगणात ऐकलं नव्हतं, पण कडव्यामागून कडवं येत होतं, जसं आपल्या पाठांतरात असतं तसं, आईच्या पदराला धरून शिकलेलं. देल्फिननं पहिल्यांदा शहाणपणा केला: फोन उचलून माइकला लावला. साप्पोरोचा आवाज लाउडस्पीकरमधून तळ्यावर गेला. लोला पाणी प्यायली, तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ऐकत बसली. पुढच्या पानावर दोघी मिळून गायल्या. शेवटच्या पानाला सेन्यांग पोचली, झगा सावरत, आणि विचारती झाली, "माझ्या जागेवर हे कोण?"

आमेन झालं. फोन परत कलिंगडाला, आता त्यावर गुलाब उमललेला, टेकवला तेव्हा मारिविक रुमालानं नाक पुसत होती आणि कुरोदा टोपी काढून बसला होता. त्याला वाटत होतं, सगळी परीक्षा अशीच असते.

चिमणी रोमेलच्या तळहातावर होती. पाणी मनगटावरून कोपराकडे चाललं होतं.

"ते म्हणतायत, पास," मारिविक म्हणाली. "कागद पाठवतील. पण त्यांना एक विचारायचंय. तुझ्या शाळेचं सर्टिफिकेट त्यांच्याकडे आहे. त्या शाळेत चमचा शिकवत नाहीत. हे कुणी शिकवलं?"

"तियानं," रोमेल म्हणाला. "सगळंच तियानं शिकवलंय. शाळेत मी नुसता सहा महिने हजेरी लावली."

कुरोदा बराच वेळ काहीतरी बोलला. मारिविक चायोंगकडे वळली. मग म्हणाली, "तिया, ते विचारतायत, तुम्ही याल का. दोन जागा आहेत त्यांच्याकडे."

मांडवातली सगळी डोकी चायोंगकडे वळली. तिनं चमचा झग्याला पुसला.

"त्यांना सांगा, सहावी पास," ती म्हणाली. "फॉर्म मला पाठ आहे. त्यात एक रकाना आहे, तिथं माझं काही बसत नाही."

मारिविकनं सांगितलं. कुरोदानं वही मिटली. मग तो उठला आणि कमरेतून वाकला, इतका खाली की पडद्यावर नुसतं छत आणि एक दिवा उरला. किती तरी वेळ दिवाच दिसत होता.

"गेला का?" अंबोनं विचारलं.

"नाही," देल्फिन कुजबुजला. "वाकलाय."

शनिवारी सकाळी लोलानं कपाट उघडलं. चायोंग पटाशा परत ओळीनं लावत होती. खोलीत दोघीच होत्या, आणि तो बिनचेहऱ्याचा जोसेफ.

"आई," चायोंग म्हणाली, "मी पाप केलंय. पत्र मी वाचलं होतं. खाली वेळ लिहिलेली. मी मुद्दाम बोलले नाही. पोरगं जाऊ नये म्हणून."

लोला पटाशीची धार अंगठ्यावर पारखत राहिली. "मीही वाचलं होतं," ती म्हणाली.

चायोंगनं हातातला रंधा खाली ठेवला. "म्हणजे तुला ठाऊक होतं, तीन वाजता..."

"तिघं गेले या घरातून, दोघं शेजारचे. सहावा कशाला म्हटलं. किल्ली होती माझ्याकडे. नेमही होता. दोन्ही जुळून आलं, तर देवाची इच्छा असेल असं वाटलं." म्हातारीनं पटाशी ओळीत ठेवली. "ती इच्छा माझीच होती."

"मग चमच्याला हो का म्हणालीस?"

"तू गाऊन मागितलंस. गाऊन मागितलेलं नाही कसं म्हणायचं?"

"दादानंही गाऊनच मागितलं होतं."

"तो बेसूर गातो," लोला म्हणाली, आणि पोलक्यात हात घालून किल्ली काढली. घामानं ओली झालेली, दोऱ्यात ओवलेली. लेकीच्या तळहातावर ठेवली. "पुढच्या साली कुलूप तू लाव. आणि काढा दोन भांडी कर."

रोमेल जूनमध्ये गेला. जाताना तो लोलापुढं वाकला, बापापुढं वाकला, आणि चायोंगपुढं वाकायला लागला तेव्हा तिनं त्याचा कान धरून वर ओढला, कोट चुरगाळेल म्हणून. त्या दिवसापासून भिंतीशी सहा स्टुलं रिकामी आहेत. सातव्यावर, मधोमध, चायोंग बसते. सुगीनंतर तिनं सेंट जोसेफला चेहरा दिला. फादर बघायला आले, चारी बाजूंनी फिरले. चेहरा छान होता, पण जोसेफची मान थोडी खाली होती.

"हा वाकलाय का?" त्यांनी विचारलं.

"कुणाला तरी नमस्कार करतोय, फादर," चायोंग म्हणाली, आणि पटाशी पुसून जागेवर ठेवली.

तर बाबांनो, बायांनो, कधी कुठल्या लग्नात, कुठल्या हॉटेलात, जेवणाच्या टेबलावर बर्फाचा पक्षी उभा दिसला आणि सगळे त्याचे फोटो काढत असले, तर तुम्ही तो वितळायच्या आत क्षणभर हात जोडा, आणि तळ्याकाठच्या त्या खोलीत सातव्या स्टुलावर बसलेल्या सहावी पास चायोंगची आठवण ठेवा.